पाय न टेकता

नवस बोलताना माणूस शब्द मोजून बोलत नाही आणि सगळा घोटाळा तिथंच होतो. अनातिल्देचंही तसंच झालं. चौदा महिन्यांपूर्वी तुन्हाच्या इस्पितळात तिचा नवरा एवारिस्तो डावं अंग लुळं पडून निजला होता. डॉक्टर म्हणाले, वाट बघायची. अनातिल्देला वाट बघणं कधी जमलंच नाही. तिनं व्हरांड्यातल्या कार्मेनच्या मातेच्या तसबिरीला सांगून टाकलं, की माझा माणूस पुन्हा स्वतःच्या पायांनी चालू दे, मी सायकलवरून घाट चढून तुझ्या देवळात येईन, पाय न टेकता.

बोलून मोकळी झाली. बोलायला काय जातंय.

माता ऐकते. एवारिस्तो आधी बसला, मग उभा राहिला, मग काठी घेऊन अंगणातल्या गाईपर्यंत जाऊ लागला. डावा हात मात्र आला नाही. सदऱ्याची बटणं अजूनही रोज सकाळी अनातिल्देच लावून द्यायची, आणि तो भिंतीकडे बघत उभा राहायचा. तीस वर्षं दुधाचा ट्रक चालवलेला माणूस तो, त्याला ते बरं वाटत नसे. पण मागणं पायांचं होतं, हाताचं नव्हतं, आणि पाय मिळाले होते. तेव्हा सोळा जुलैला, मातेच्या सणाला, नवस फेडायचा हे ठरलं. घाट नऊ किलोमीटरचा. अनातिल्देचं वय सत्तावन्न.

चढण्याचं तिला भय नव्हतं. आमच्या डोंगराळ बोयाका प्रांतात बायका चालायला शिकतात आणि लगेच सायकल शिकतात. रोज पहाटे गाईचं दूध काढून, आदल्या दिवशीचं ताजं चीज मागच्या खोक्यात भरून, अंगावर लोकरीचा रुआना आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून ती अकरा घरं आणि एक बेकरी करून यायची. भय होतं ते त्या शेवटच्या तीन शब्दांचं. पाय टेकला, तर मातेनं दिलेलं माता परत घेईल, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण एवारिस्तो उंबऱ्याला जरा अडखळला तरी ती हातातलं काम टाकून धावायची.

जूनमध्ये एकदा ती सराव म्हणून अर्धा घाट चढली. भुरभुर पाऊस होता. तिसऱ्या वळणावर ओला बूट पायडलवरून सटकला आणि तिचा उजवा पाय खाडकन चिखलात. सराव होता, नवस नव्हता, तरी तिनं तिथंच उभं राहून मातेची माफी मागितली. सायकलीची रबरी पायडलं वीस वर्षांत झिजून साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती. ती तशीच मागं फिरली आणि थेट तेओदुलोच्या दुकानात गेली.

तेओदुलो उस्ताद म्हणजे गावाचा सायकलवाला. तरुणपणी तो मोठ्या शर्यतींत दुसऱ्यांना पाणी नेऊन द्यायचा, आणि जिंकलेल्यांपेक्षा त्यालाच शर्यतीतलं जास्त कळतं असं त्याचं म्हणणं. त्यानं पायडलवर अंगठा फिरवला, हसला, आणि चामड्याचे पट्टे काढून दाखवले. पाय पट्ट्यात घालायचा, आवळायचा, की मग पाय कुठं जात नाही. आम्ही जग असंच चढलो, म्हणाला. थांबायचं झालं तर काय, असं तिनं विचारलं. तर वाकून हातानं पट्टा सोडायचा, आणि तेवढ्यात पडलात तर पडलात.

हे ऐकून ती घरी आली, तर भाची युरानी आलेली. युरानी तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी, सोगामोसोच्या शाळेत कवायत शिकवते आणि दर रविवारी घट्ट कपडे घालून टोळक्यानं घाट चढते. पट्टे ऐकून तिनं कपाळावर हात मारला. मावशी, ते आजोबांच्या काळातलं झालं, म्हणाली, आणि पिशवीतून स्वतःचे जुने बूट काढले. तळ टणक, फळीसारखा. तळाला पुढं एक लोखंडी तुकडा स्क्रूनं बसवलेला. हा तुकडा पायडलच्या खटक्यात अडकतो, मग पाय पायडलचाच होतो. नुसतं दाबायचं नाही, वर ओढायचंसुद्धा. सुटायचं असेल तर टाच बाहेर वळवायची. इतकं सोपं.

"आणि टाच वळवायची विसरले तर?" अनातिल्देनं विचारलं.

"सगळे एकदा विसरतात," युरानी म्हणाली. "एकदाच."

एवारिस्तो खाटेवर बसून ऐकत होता. त्याचं मत असं की रबरी बुटांनी जिचा संसार चालला तिनं रबरी बुटांनीच जावं. मातेनं नवस ऐकला तेव्हा हेच बूट पायांत होते, आता बदलले तर ती ओळखेल का? हे बोलणं निम्मं थट्टेचं होतं, पण अनातिल्देला ते रात्रभर पुरलं. बेकरीवालीचं अजून वेगळंच. तिचा दीर राजधानीत रविवारी सायकलींसाठी मोकळ्या ठेवलेल्या रस्त्यावर साध्या कॅनव्हासच्या बुटांनी हिंडतो, आणि पायडल मात्र रुंद, वर बारीक खिळे असलेली. बूट त्याला चिकटतो, शिवाय पाय मोकळा.

दहा तोंडं, दहा मतं. सांगणाऱ्याचं काय जातंय, घाट कुणाला चढायचा होता. अनातिल्दे दूध काढताना हिशेब मांडायची आणि गाय वैतागून शेपटी मारायची. पाय मोकळा ठेवला तर दमल्यावर तो आपोआप खाली जाणार. पायाला काय माहीत नवस कुणी बोललाय. पाय अडकवला तर तो खाली जाणार नाही, पण मग थांबायची वेळ आली तर सगळं अंगच खाली जाणार. मग ते टेकणं धरायचं की नाही? पाय तर पायडलवरच आहे ना?

ही शंका घेऊन ती पाद्री आर्कादियोंकडे गेली. पाद्रीबुवांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, नक्की शब्द काय होते? पाय टेकणार नाही म्हणालात, की जमिनीला लागणार नाही म्हणालात, की उतरणार नाही? अनातिल्दे आठवायला लागली. जितकं आठवावं तितकं जास्त गढूळ होत गेलं. पाद्रीबुवा म्हणाले, घाबरू नका, माता काही वकील नाही. त्यांनी धीर द्यायला म्हणून सांगितलं, पण ती आणखीच हवालदिल होऊन बाहेर पडली. वकील असती तर निदान कलम तरी कळलं असतं.

शेवटी तेओदुलोनंच तोडगा काढला. सोगामोसोहून त्यानं एक जोडी मागवली. पायडल एका बाजूनं सपाट, खिळ्यांचं, आणि उलटवलं की दुसऱ्या बाजूला युरानीच्या बुटांचा खटका. रोज रबरी बुटांनी सपाट बाजूवर चीज वाटा, सणाला दुसऱ्या बाजूवर चढा. दोन्ही पक्ष खूश. अनातिल्देला वाटलं, सुटले. कसली सुटतेय, आगीतून फुफाट्यात. पायडलला दोन तोंडं, आणि आपण पाय ठेवावा तेव्हा नेमकं नको ते तोंड वर. रबरी बूट घातले की खटक्यावर पडून घसरायचे. टणक बूट घातले की लोखंडी तुकडा खिळ्यांवर कर्रकन घासायचा. बेकरीसमोर तिला निघायला इतका वेळ लागू लागला की लोक पाव घेऊन थांबायचे, बघायला.

अंगणात ती चार वेळा पडली. टाच वळवायचं लक्षात यायचं, पण जमिनीवर पोचल्यावर. तेओदुलो कुंपणाला टेकून ओरडायचा, "आधी डावा सोडा, आणि डावीकडे झुका! सोडवलेल्या बाजूला, बाई, अडकलेल्या नव्हे!" ती नेमकी उजवीकडे जायची. हॅण्डल ज्या बाजूला वळेल त्या बाजूला सायकल जाते, आणि घाबरली की तिचा हात उजवीकडेच ओढायचा. पाचव्या दिवशी मात्र जमलं. डावा खटकन सुटला, पाय खाली आला, आणि ती उभी राहिली. मग तिला आठवलं की आपल्याला पाय खाली ठेवायचाच नाहीये. मग आपण शिकलो काय?

त्या टणक बुटांनी ती फरशीवर चालली की टकटक वाजायचं. एकदा ती तशीच स्वयंपाकघरात गुळाचं पाणी उकळायला गेली आणि एवारिस्तो हसायला लागला. म्हणाला, घरात घोडी आणली की काय. चौदा महिन्यांत तो असा हसला नव्हता. तिलाही हसू आलं, आणि मग रडू आलं, आणि मग पाणी उतू गेलं.

कार्मेनची माता ही गाडीवाल्यांची राखणदार, म्हणून सणाच्या सकाळी गावातले सगळे ट्रक, बसगाड्या, ट्रॅक्टर कागदी फुलांनी नटून चर्चसमोर उभे होते. पाद्रीबुवांनी बादलीतलं पवित्र पाणी बोनेटवर, काचांवर आणि अनातिल्देच्या हॅण्डलवरही शिंपडलं. एवारिस्तोला शेजाऱ्यांनी दुधाच्या ट्रकमध्ये पुढं बसवून वर देवळापाशी नेलं होतं. त्याच्या गळ्यात गुळाच्या गरम पाण्याचा थर्मास अडकवलेला होता. अनातिल्देनं अंगावर रुआना आणि पायांत युरानीचे बूट घातले होते. तेओदुलोनं सायकल धरली. उजवा पाय पहिल्याच फटक्याला खटकन बसला. डावा बसेना. एकदा, दोनदा, तीनदा. पायडल गरगर फिरून सपाट बाजूच वर. मागचे ट्रक भोंगे वाजवायला लागले.

"राहू द्या," ती म्हणाली. "असंच जाते."

"एक पाय अडकलेला आणि एक मोकळा?" तेओदुलो म्हणाला. "हे तर कुणीच सांगितलं नव्हतं."

"म्हणूनच," असं म्हणून ती निघाली. का म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही.

पहिले तीन किलोमीटर युरानी शेजारून चालवत होती आणि श्वास कसा घ्यायचा ते सांगत होती. मग दोघींचाही श्वास बोलण्यात घालवण्याइतका उरला नाही. बटाट्याची शेतं गेली, निलगिरीची रांग गेली, चिखलाचं ते तिसरं वळण आलं आणि गेलं. उजव्या पायानं ओढायचं, डाव्यानं नुसतं दाबायचं, त्यामुळे सायकल लंगड्या माणसासारखी झुलत चालली. अनातिल्देला वाटलं, एवारिस्तो असाच चालतो. पुढं धुकं होतं. ट्रक जाताना लोक खिडकीतून तिच्या नावानं ओरडत होते. गुडघे बोलायला लागले. डावा पाय दोनदा कडेला सरकला, दोनदा तिनं तो खिळ्यांवर परत आणला. देऊळ अर्ध्या किलोमीटरवर राहिलं तेव्हा युरानी म्हणाली, मी पुढं जाऊन भिंतीजवळची माणसं हटवते. चढून आलेल्यानं आधी देवळाची भिंत हातानं शिवायची आणि मगच उतरायचं, अशी रीत आहे. युरानी उभी राहून पायडल मारत धुक्यात गेली.

शेवटच्या वळणावर एवारिस्तो उभा होता.

त्याला वर थांबवेना. देवळापासून तीनशे मीटर तो एकटा उतरून आला होता, काठी टेकत, आणि धुक्यात रस्त्याच्या कडेला उभा राहिला होता; युरानीला तो दिसलाच नव्हता. तिला बघताच तो थर्मास गळ्यातून काढायला गेला. पट्टा कानाला अडकला, थर्मास हातातून निसटून डांबरावर पडला आणि उताराला लागला. त्याला पकडायला एवारिस्तो दोन पावलं पुढं आला, बरोबर तिच्या चाकासमोर, आणि डुलला.

अनातिल्देनं ब्रेक दाबला. सायकल थांबली. जमीन डाव्या पायापासून वीतभर खाली होती. डावा पाय मोकळा होता, नुसता खाली सोडायचा होता. पाय निघालाही होता. तिनं नवऱ्याच्या डुलणाऱ्या काठीकडे बघितलं आणि सगळ्या ताकदीनं हॅण्डल उजवीकडे ओढलं.

ती उजव्या अंगावर पडली. वळणाच्या आतल्या बाजूला गवताचा बांध होता, त्यावर ती आणि सायकल अर्धवट उभी, अर्धवट आडवी टेकून राहिली. कोपर सोलवटलं, कमरेत कळ गेली. उजवा पाय खटक्यात तसाच. डावा पाय हवेत, गवताच्या वर, ताठ.

"खाली घेऊ नका," एवारिस्तो म्हणाला. "टेकलेला नाही. मी बघितलंय."

"तुम्हाला लागलं का कुठं?"

"मी उभा आहे, सुमर्से. पडलेल्या तुम्ही आहात." आमच्याकडे आपल्या माणसाला मायेनं आणि मानानं सुमर्से म्हणतात.

ती म्हणाली, जवळ येऊ नका, माझ्यासकट पडाल. वर जाऊन युरानीला बोलवा. तो म्हणाला, मी वर जाईपर्यंत तुमचा पाय तसाच राहील का. राहणार नव्हता. मांडी आत्ताच थरथरत होती. ट्रक सगळे वर पोचले होते, रस्त्यावर त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. तिला एकाएकी भयंकर राग आला. मातेचा, युरानीचा, त्या दोन तोंडांच्या पायडलचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडाचा.

"कशाला बोलले मी तसं," ती म्हणाली. "नुसतं मेणबत्ती लावीन म्हणाले असते तरी चाललं असतं की."

एवारिस्तोनं तिच्या हवेतल्या पायाकडे एकदा बघितलं. तो बांधापाशी आला, पाय फाकवून उभा राहिला, उजव्या हातानं सायकलीचा दांडा धरला आणि डाव्या हातानं सीट. डावा हात निसटला. त्यानं तो पुन्हा सीटखाली नेला, एकेक बोट बसवावं तसा बसवला, आणि ओढलं. तिनं सोललेल्या कोपरानं बांधाला रेटा दिला. सायकल हलली, कण्हल्यासारखी करकरली, आणि सरळ झाली. तिच्यासकट.

"पाय ठेवा पायडलवर," तो धापा टाकत म्हणाला. "आणि मागं बघू नका."

त्यानं ढकललं. तिच्या पाठीवर, रुआनावर, डाव्या बाजूला एक पंजा होता. तिनं पायडल मारलं. पंजा चार पावलं बरोबर आला आणि मग सुटला. पंजा डाव्या बाजूला कसा, हा विचार तिच्या डोक्यात आला खरा, पण चढ खडा होता आणि तो विचार मागंच पडला.

देवळापाशी माणसांनी वाट करून दिली. तिनं पांढऱ्या भिंतीला हात लावला आणि तशीच भिंतीला टेकून सायकलवर बसून राहिली. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग तिचं कोपर बघितलं, मग वाद सुरू झाला. तेओदुलो ट्रकमधून वर आला होता. तो म्हणाला, पडली म्हणजे शर्यत संपली. युरानी म्हणाली, पाय सुटलाच नाही तर संपेल कशी. बेकरीवाली म्हणाली, कोपर टेकलं, कंबर टेकली, पाय कुठं टेकला? कुणीतरी पाद्रीबुवांना हाक मारली. अनातिल्देला काहीच कळेना. नवस फिटला, की राहिला, की निम्मा फिटला? माणसानं नवऱ्याच्या हातानं उठून नवस फेडला तर तो कुणाचा धरायचा? तिनं देवळाच्या दारात आणून ठेवलेल्या मातेच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यावर फुलंच इतकी होती की चेहरा दिसेना.

मग तिनं रस्त्याकडे बघितलं.

धुक्यातून एवारिस्तो येत होता. सावकाश, लंगडत, टोपी तिरकी झालेली. तिनं उतरायला उजवी टाच बाहेर वळवली. टाच वळेना, पडताना खटका वाकला होता. तिनं दोनदा झटका दिला, मग वाकून बुटाची पट्टी उपसली आणि पाय बुटातून बाहेर काढला. बूट पायडललाच लटकत राहिला. एका पायात बूट आणि एका पायात ओला मोजा अशी ती लोकांतून उताराला धावली, आणि लोक वाद सोडून बघत राहिले.

त्याच्यासमोर येऊन ती थांबली. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"काठी कुठंय तुमची?"

एवारिस्तोनं आधी उजवा हात बघितला. तो रिकामा होता. मग डावा बघितला. त्यात थर्मास होता, पोचा आलेला, कडीत चारही बोटं घालून घट्ट धरलेला. त्यानं मागं वळून धुक्यात बघितलं.

"तिथंच राहिली वाटतं, बांधावर," तो म्हणाला. "जाताना घेऊ. तुम्ही पाणी प्या आधी, गार होतंय."

थर्मास घ्यायला अनातिल्दे पुढं झाली नाही. ती भर रस्त्यात, दोन्ही पाय जमिनीवर टेकून, मटकन खाली बसली.